आधी स्वतःचे केसपेपर वाच

गोव्यातल्या साखळी गावच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तिला व्यसनमुक्ती विभागात काम मिळालं आहे. ती लिहिते, थोडक्यात असं: "माझा धाकटा काका दारूने गेला. घर पोखरलं त्याने. आता वॉर्डात दारूचा रुग्ण आला की मला राग येतो, आणि इंजेक्शन घेणारा आला की किळस येते. हे चूक आहे हे वर्गात शिकले, परीक्षेत लिहिलंसुद्धा. पण जात नाही. मी या कामाला लायक आहे का? आणि हे पूर्वग्रह घालवायचे कसे?"

बाय, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. लायक आहेस. राग येतो हे तुला कळतं, म्हणून तर तू विचारलंस. चोवीस वर्षं या कामात काढल्यावर मला धास्ती वाटते ती "मला कुणाबद्दल काही वाटत नाही, मी सगळ्यांना सारखीच वागणूक देते" असं सांगणाऱ्यांची. मीही सुरुवातीची काही वर्षं तसंच सांगत होते.

दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल.

पूर्वग्रह मनात शोधायला गेलीस तर बहुधा सापडणार नाही. मन आपल्याला आपण कसे चांगले आहोत तेच दाखवतं. तो सापडतो हाताला. केसपेपरावर काय लिहिलं, कुणाला कोणता प्रश्न विचारलाच नाही, कुणाच्या खाटेजवळ किती मिनिटं उभी राहिलीस, तिथे. तेव्हा आधी माझ्या हाताने काय केलं ते ऐक.

नोकरीच्या चौथ्या वर्षी, मी तेव्हा जिथे होते तिथे पेडण्याकडचा एक मुलगा दाखल झाला. मोटरसायकल पायलट होता, किनाऱ्यावरची गिऱ्हाईकं न्यायचा. ब्राउन शुगरपासून सुरुवात होऊन इंजेक्शनवर गेलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पोट धरून कण्हायला लागला. टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासात, पोटात कळा येतातच, ते मला पाठ होतं. त्याआधीच्या महिन्यात एकाने खोटं सांगून माझ्याकडून जास्तीची गोळी मिळवली होती, ते डोक्यात होतं. मी लिहिलं: "तक्रार अतिरंजित. औषधासाठी मागणी." तो मला म्हणाला, "बाये, खरेंच दुखता." मी म्हटलं, सगळ्यांनाच दुखतं. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी आधी माझी नोंद वाचली, मग त्याच्याकडे पाहिलं. पहाटेपर्यंत ताप चढला आणि पोट फळीसारखं कडक झालं, तेव्हा कळलं की त्याचं अपेंडिक्स फुटलं होतं. शस्त्रक्रिया झाली, तीन आठवडे तो खाटेवर होता. वाचला.

मला कुणी दोष दिला नाही. "अशा केसमध्ये होतं असं" म्हणाले. हे वाक्य मला आजही टोचतं, कारण शाळामास्तरांचं पोट दुखलं असतं तर ते कुणी म्हटलं नसतं. माझ्या चार शब्दांनी त्या मुलाचे दहा तास घेतले. आणि ते शब्द लिहिताना मला राग आला नव्हता, किळसही नव्हती. मी शांत होते, मला वाटत होतं मी अनुभवी झाले आहे. पूर्वग्रह अनुभवाचं सोंग घेऊन येतो तेव्हा तो ओळखणं सर्वांत कठीण असतं.

त्यानंतर मी एक काम केलं, आणि तुलाही तेच करायला सांगते. एका रविवारी माझ्या जुन्या नोंदी काढून बसले आणि पेन्सिलने प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारली. दारू पिणाऱ्या सरकारी कारकुनाला मी लिहिलं होतं "कौटुंबिक ताणामुळे मद्यपान वाढले". बांधकामावरच्या कर्नाटकातल्या मजुराला लिहिलं होतं "सवयीचा दारुडा". दोघेही दिवसाला साधारण तेवढीच पीत होते. कारकुनाच्या पिण्याला मी कारण शोधलं होतं, मजुराच्या पिण्याला त्याचा स्वभाव पुरला. गांजा ओढणाऱ्या कॉलेजच्या मुलाच्या नोंदीत "संगत" हा शब्द चार वेळा होता. रोज संध्याकाळी तावेर्नात, म्हणजे गावच्या दारूच्या दुकानात, बसणाऱ्या एकाच्याही नोंदीत तो शब्द नव्हता.

इथे आपल्या गोव्याबद्दल थोडं बोलायला हवं. आपल्याकडे दारू आपली आणि ड्रग्ज परकी, अशी वाटणी घराघरात झालेली आहे. काजूच्या मोसमात हुर्राक, काजूचीच सौम्य दारू, येतो, पाहुण्याला आपण कौतुकाने पाजतो. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा अभिमान मलाही आहे, आमचंही काजूचं भाट, म्हणजे बाग, आहे. पण त्या अभिमानाच्या आड मी किती जणांना "थोडी घेतो, पण माणूस चांगला" म्हणून सोडून दिलं, ते मोजवत नाही. आणि ड्रग्ज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हणजूण-वागातोरचे किनारे, गोरी माणसं आणि "भायले", म्हणजे बाहेरचे लोक, उभे राहतात. त्यामुळे डिचोलीतल्या घरातला मुलगा पावडरीवर आहे हे आईबापांना दोन वर्षं दिसत नाही. दिसतं तेव्हा पहिलं वाक्य येतं: "आमच्यात असलं कुणी करत नाही." यकृताला मात्र फेणी मानांकनाची की साधी, ते कळत नाही. अल्कोहोल तेच.

आकडे पाहिले तर ही वाटणी किती फसवी आहे ते दिसतं. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य पितात असं आढळलं, आणि त्यांतल्या सुमारे पावणेसहा कोटींना मदतीची गरज आहे. भांगगांजा घेणारे सुमारे तीन कोटी. म्हणजे ज्याला आपण "आपलं" म्हणतो त्याचं ओझं कितीतरी मोठं आहे. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे: दारूच्या पूर्ण अधीन झालेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. बाकीचे ३७ का येत नाहीत? पैसा, अंतर, सुट्टी ही कारणं आहेतच. पण दारात उभी असलेली आपली नजर हेही एक कारण आहे, आणि तेवढं एक तुझ्यामाझ्या हातात आहे.

पाहणीतून आणखी एक कळतं, जे मला स्वीकारायला वेळ लागला. घेणारा प्रत्येक जण व्यसनाधीन नसतो. वॉर्डात बसून आपल्याला फक्त बुडालेलेच दिसतात, म्हणून वाटतं पाण्यात उतरलेला प्रत्येक जण बुडतो. मग शाळेत व्याख्यान द्यायला गेलो की "एकदा ओढलंत की संपलात" असं सांगतो. ज्या मुलाने एकदा ओढलं आणि जो संपलेला नाही, तो त्यानंतर आपलं काहीच खरं मानत नाही. धोका कुणाला जास्त? घराण्यात व्यसन असलेल्यांना (दारूच्या आजारात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो), फार लहान वयात सुरुवात केलेल्यांना, मनात आधीच काही दुखत असलेल्यांना. आणि परिस्थिती बदलली की चित्र बदलतं. व्हिएतनाम युद्धात हेरॉईनच्या अधीन झालेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी मागोवा घेतला होता. घरी परतल्यावर पहिल्या तीन वर्षांत पुन्हा अधीन झालेले सुमारे १२ टक्केच निघाले. माणूस तोच होता, अंगणं मात्र वेगळी होती.

हेच मी आपल्याकडे उलट्या दिशेने पाहिलं आहे. २०१२ साली खाणी थांबल्या, मधे सुरू होऊन २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. साखळी, डिचोली, सांगे इकडचे ट्रकवाले तुला माहीत आहेत, तुझ्याच गावचे. कर्जाचा ट्रक दारात उभा, हप्ता चालू आणि दिवसभर करायला काही नाही. त्या वर्षांत माझ्याकडे आलेल्यांत चाळिशी उलटलेले, आयुष्यात कधी सकाळी न प्यालेले पुरुष होते. त्यांना "मनाने कमकुवत" म्हणायला माझी जीभ वळली नाही. मग मला वाटलं, कळंगुटच्या शॅकमध्ये सहा महिने काम आणि सहा महिने बेकार असणाऱ्या झारखंडच्या पोराला मी ते किती सहज म्हणते.

"मनावर घेतलं तर सुटतं" हे वाक्य तू घरी ऐकलं असशील. आपल्याकडे त्याला पुरावाही दिला जातो. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, व्रताच्या दिवसांत थेंबाला शिवत नाहीत. चवथीला, श्रावणात कित्येक जण बंद करतात, ख्रिस्ती बांधव ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासकाळात. मग बाकीचे दिवस का नाही जमत? मला वाटतं, या प्रश्नात खरी माहिती दडली आहे आणि आपण ती टाकून देतो. व्रतात अख्खा गाव सोबत असतो, जेवणाखाण्याचा नेम असतो, संध्याकाळी कुठे बसायचं ते ठरलेलं असतं, आणि मान असतो. व्रत संपलं की हे सगळं एका दिवसात काढून घेतलं जातं आणि उरते फक्त "इच्छाशक्ती". उपचारात आम्ही जे करतो त्याचा मोठा भाग म्हणजे ही सोबत आणि हा नेम वर्षभर टिकवणं.

पण इथेच एक धोक्याची गोष्ट सांगते, ती पूर्वग्रहापेक्षा तातडीची आहे. जो रोज सकाळपासून पितो त्याने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या एकदोन दिवसांत हात कापतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, आणि दोनतीन दिवसांनी भास, भ्रम, ताप असा प्रकार होऊ शकतो. देवीच्या नावाने प्रामाणिकपणे सोडली आणि तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसू लागले, अशी माणसं मी पाहिली आहेत. घरच्यांना वाटलं देवीचा कोप. अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवायचं. त्यावर औषधं आहेत, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत, आणि वेळेत दिली तर बहुतेक जण सुखरूप बाहेर येतात.

आणि उलट पूर्वग्रहही जीव घेतो, हे लक्षात ठेव. फोंड्याकडचे एक निवृत्त गृहस्थ मांडीचं हाड मोडून दाखल झाले होते. देवळाच्या कमिटीवर, गोड बोलणारे. दारूबद्दल त्यांना कुणी विचारलंच नाही, कारण "त्यांना कसं विचारायचं". तिसऱ्या रात्री ते भ्रमात सलाईन उपटून उठले. रोज रात्री ते पाव बाटली घेत होते, बायकोला ठाऊक होतं, पण तिलाही कुणी विचारलं नव्हतं. बायकांच्या बाबतीत तर आपण प्रश्नच गाळतो. पाहणीप्रमाणे मद्य घेणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास, म्हणून आपण शंभरातल्या त्या एकीला न विचारता घरी पाठवतो. झोपेच्या गोळ्या दहा-दहा वर्षं घेणाऱ्या, एक दिवस गोळी चुकली की थरथरणाऱ्या शिक्षिका, गृहिणी माझ्याकडे आल्या आहेत. त्यांना "नशा" हा शब्द लावायला कुणी धजत नाही. ते बरंच आहे. पण मग त्या मोटरसायकल पायलट पोराला तो का लावायचा?

शब्दांचं म्हणशील तर ते वरवरचं प्रकरण नाही. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाचशेहून अधिक मानसोपचार क्षेत्रातल्या लोकांना एकाच माणसाची हकिकत वाचायला दिली. काहींच्या कागदावर त्याला व्यसनी ठरवणारा शब्द होता, काहींच्या कागदावर "व्यसनाचा विकार असलेला" असं होतं. पहिला शब्द वाचलेल्यांना तो माणूस जास्त दोषी आणि शिक्षेला पात्र वाटला. हे सगळे शिकलेसवरलेले, याच कामातले लोक. आपल्याकडे गर्दुल्ला, बेवडा, बेबदो, चरसी; प्रत्येक शब्दात माणूस संपून पदार्थ उरतो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात "रुग्णमित्र" म्हणतात, ते मला आवडतं. पण मला सर्वांत जवळची वाटते ती आपलीच जुनी म्हणण्याची रीत: "दारूच्या आहारी गेला." मला त्यात ऐकू येतं ते दुसऱ्याचं खाद्य होणं. खाणारी ती, हा खाल्ला गेला. मेंदूतही साधारण तेच घडतं: चटक वाढत जाते आणि गोडी कमी होत जाते. "आता मजा काहीच येत नाही बाई, पण राहवत नाही" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यात खोटेपणा शोधणं मी सोडलं.

औषधांबद्दलही मन तपास. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी देतात. "एक नशा सोडवून दुसरी लावली" असं मीही म्हणत असे. अशा उपचारात टिकून राहिलेल्यांचं मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. मधुमेहाच्या रुग्णाला "इन्सुलिनची सवय लागली" असं आपण हिणवत नाही. पुन्हा घसरण्याचंही तसंच. उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक कधीतरी पुन्हा घेतात. दमा आणि रक्तदाबाचे रुग्ण औषधपथ्यात जितके घसरतात त्यापेक्षा हे जास्त नाही. रक्तदाबवाला परत आला की आपण गोळी बदलतो, आणि हा परत आला की म्हणतो "सुधारायचंच नाही याला".

आता दुसरी बाजू, कारण पुस्तकं इथे थांबतात. "आजार आहे" म्हणून सगळं माफ, असं करू नकोस. "बिचारा" हाही पूर्वग्रहच आहे, त्यात माणसाकडून काही अपेक्षाच ठेवली जात नाही. बायकोला मारलं असेल तर ते केसपेपरावर साध्या शब्दांत लिहायचं, तिला वेगळ्या खोलीत विचारायचं, ती सुरक्षित आहे का ते आधी बघायचं. व्यसन हे कारण असू शकतं, तिच्या अंगावरच्या वळांचा हिशोब त्याने मिटत नाही. आणि "मेंदूच बिघडलाय" हे फार वेळा सांगितलं की काही रुग्ण हात टेकतात, हेही मी पाहिलं आहे. मी म्हणते, आजार आहे आणि यातून लोक बाहेर येतात. दोन्ही एका दमात सांगते.

तुझ्या रागाबद्दल. काकाने तुमचं घर पोखरलं. त्याचा राग येणं हा पूर्वग्रह नाही, ती जखम आहे. ती घालवायच्या मागे लागू नकोस. ती कुणाच्या अंगावर निघते एवढं बघ. मला आजही मुलीच्या फीचे पैसे प्यायलेला बाप समोर आला की छातीत काहीतरी घट्ट होतं. अशा वेळी मी सहकाऱ्याला सोबत बसायला सांगते आणि माझी नोंद त्याला वाचायला देते. चोवीस वर्षांनीही.

करायचं काय? आधी पेन्सिल. महिन्याभराच्या तुझ्या नोंदी काढ, विशेषणांखाली रेघा मार, आणि नाव-गाव-पदार्थ झाकून परत वाच: तीच वाक्यं तू तुझ्या मामाबद्दल लिहिली असतीस का? मग अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आपापसातल्या मदतगटाच्या, खुल्या बैठकीला जा, तिथे कुणालाही बसता येतं. मागच्या खुर्चीत बस, वही न काढता. आपल्याकडे माणूस पडल्यावर येतो; तिथे तुला आठ, पंधरा, वीस वर्षं न प्यालेली माणसं दिसतील. माझं मत कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा त्या खुर्चीने जास्त बदललं. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात; तुझी आई येईल का बघ, नाहीतर तू पुतणी म्हणून जा. दाखल होणाऱ्या प्रत्येकाला, भटजी असो, डॉक्टर असो, आजी असो, दारू-तंबाखू-गोळ्यांबद्दल तोच प्रश्न त्याच आवाजात विचार. आणि रुग्णाला पहिल्या भेटीत पदार्थाविषयी विचारण्याआधी एक तरी दुसरी गोष्ट विचार.

हे सगळं भावनेपोटी सांगत नाही. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेने आपल्याच गोव्यात, सरकारी आरोग्यकेंद्रांत, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसोबत काम केलं. समुपदेशक साधे लोक होते, मानसोपचाराची पदवी नसलेले, शिकवून तयार केलेले. जास्तीत जास्त चार भेटी. न रागावता, न लाजवता, त्याचं त्याला बोलू देत. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा मागच्या चौदा दिवसांत अजिबात न प्यालेले ४२ टक्के, आणि नेहमीचीच, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत १८ टक्के. वागणुकीला एवढं वजन आहे.

रुग्णाला आणि घरच्यांना कायद्याचंही सांगत जा, कारण भीतीने लोक दडतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित विकार मानसिक आजारात धरले आहेत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४अ आहे: स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनाधीन माणसाला, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, उपचार पुरा करण्याच्या अटीवर. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

शेवटी तुझ्या पत्राबद्दल. मी ते पेन्सिल घेऊन वाचलं, रागावू नकोस. काकाबद्दल तू तेरा वाक्यं लिहिली आहेस. बारा दारूची आहेत. एका वाक्यात, तेही कंसात, तू लिहिलंस की चवथीच्या आरतीला तो घुमट, आपलं मातीचं वाद्य, वाजवायचा आणि आळीतले लोक खास ऐकायला यायचे. त्याला घुमट कुणी शिकवलं, कधीपासून वाजवायचा, वाजवणं आधी थांबलं की दारू आधी वाढली, हे तुला ठाऊक नसावं. या रविवारी आजीकडे जाशील तर एवढं विचारून ये. आणि ते घुमट आता कुणाकडे आहे, तेही.